बाळाचा स्लीपसूट: टिचबटणं घ्यावीत की चेन?

नाडीचा पर्याय आधीच बाजूला ठेवू. गळ्यातली किंवा टोपीतली नाडी घसरगुंडीच्या फटीत अडकते, मूल खाली घसरत राहतं आणि फास बसतो. ब्रिटनने टोपीच्या नाड्यांवर १९७६ सालीच नियम केला. अमेरिकेत १९९६ मध्ये सूचना निघाल्या आणि २०११ मध्ये मुलांच्या जॅकेट-स्वेटशर्टच्या गळ्यातली नाडी नियमानेच धोकादायक ठरली. आता निवड उरते टिचबटणं आणि चेन यांच्यात.

गळ्यापासून पायापर्यंतच्या सुटाला साधारण दहा-बारा टिचबटणं असतात. प्रत्येकाचे दोन भाग, आणि दोन्ही भाग कापडातून आरपार गेलेल्या बारीक दातांवर धरलेले. म्हणजे निखळू शकतील अशा वीसेक जागा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंचे सुटे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात टाकून तपासतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो असं धरतात. टिचबटणाची टोपी जेमतेम सेंटीमीटरभर. लहान मुलांचे कपडे कंपन्यांना परत मागवावे लागतात, त्यात निघून येणारं टिचबटण हे नेहमीचं कारण.

चेनचा मासाही (वर-खाली सरकणारा भाग) निघतो, त्याची लोंबती पट्टीही तुटते. तीही घशात जाण्याएवढीच लहान. पण नजर ठेवायला जागा एक, दुहेरी चेन असली तर दोन.

माझ्या दृष्टीने निकाल लागतो तो घट्ट टिचबटणावर. नवं बटण घट्ट असलं की ते पक्कं आहे असं वाटतं. प्रत्यक्षात रात्री लंगोट बदलताना आपण बटणाच्या कडेला न धरता दोन्ही बाजूंचं कापड धरून फाडल्यासारखं ओढतो. सगळा ताण दातांभोवतीच्या विणीवर येतो. ताणणाऱ्या होजिअरी कापडाच्या एकाच थरावर बटण ठोकलेलं असेल, तर काही धुण्यांनंतर टोपीच्या कडेने बारीक भोकांची गोल रांग दिसू लागते. पुढे एक दिवस बटण धड राहतं, कापडच सोडतं. म्हणजे बटण जितकं घट्ट, तितकं कापड लवकर जातं. चेन उघडताना कापडाला असा हिसका बसतच नाही.

तरी टिचबटणंच घ्यायची असतील, तर सूट उलटा करून बघा. बटणाखाली पट्टीचा दुसरा थर किंवा कडक अस्तर हवं. टोपीच्या कडेखाली नख घालून सरळ ओढा, मग पाव वळसा फिरवा. हललं तर नको. प्रयोगशाळेत दीड वर्षाखालच्या मुलांच्या वस्तूंवर सुमारे साडेचार किलोचा ताण दहा सेकंद ठेवतात, त्यामुळे बोटांनी हलणारं बटण तिथे टिकणं कठीण. सैल झालेलं बटण पकडीने दाबून बसवू नका, वाकलेले दात पुन्हा धरत नाहीत. दोन्ही भाग काढून टाका. एक भाग मागे राहिला तर त्याचे दात बाळाला टोचतात.

चेनमध्येही दोष आहेत. सुती कापड धुऊन आटतं, चेनची पॉलिस्टरची पट्टी आटत नाही. मग चेन लाटांसारखी फुगते आणि बसलेल्या बाळाच्या हनुवटीला टोचते. त्यावर उपाय नाही, म्हणून पहिल्या दोन धुण्यांनंतर तपासा. आतून पूर्ण लांबीची कापडी पट्टी आणि वर हनुवटीपाशी दुमडलेलं टोक असल्याशिवाय घेऊ नका. बंद करताना एक बोट चेनच्या मागे ठेवलं की कातडी चिमटत नाही. कडीत अडकवलेलं रबराचं फूल किंवा प्राणी असेल, तर घरी आणल्याबरोबर काढा. आणि चेन बिघडली की अख्खा सूट वाया जातो, हेही खरं.

मांड्यांमध्ये तीन टिचबटणं असलेल्या बनियनबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तिथे चेन शक्य नाही, आणि अंगात असताना ती बटणं तोंडात जात नाहीत. चघळली जातात ती गळ्याजवळची. स्लीपसूटसाठी माझा कल चेनकडे, शक्यतो खालूनही उघडणाऱ्या दुहेरी चेनकडे. लंगोट बदलताना छाती उघडी पडत नाही.

दोन्हींत एक गोष्ट सांभाळा: शिवणीतलं लेबल. कपडे परत मागवल्याच्या सूचनेत स्टाइल क्रमांक, बॅच आणि उत्पादनाची तारीख असते, ती लेबलाशी ताडून बघायची असते. लेबल टोचतं म्हणून कापायचंच असेल, तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि सूट पुढच्या बाळाला देताना फोटोही सोबत द्या.