‘मोठं झालं की पंजे गुलाबी होतात’

कोळी पाळायचा नाद मला जुना, पण झाडावरचा टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, कधी घेतला नव्हता. पहिला म्हणून ‘पिंकटो’च, म्हणजे गुलाबी पंजांचा टॅरँट्युला, घ्यायचा ठरवला. दक्षिण अमेरिकेतला, शांत, विष सौम्य. मोबाईलवर ओळख झालेल्या विक्रेत्याने ४,५०० रुपये आधीच घेतले आणि ठाणे स्टेशनबाहेर डबा हातात ठेवला.

आतला कोळी दोन इंची, राखाडी, पाठीमागे पोटावर पानासारखी नक्षी. “गुलाबी पंजे कुठे आहेत?” मी विचारलं.

“पिल्लू आहे दादा. मोठं झालं की होतात.”

मी गप्प बसलो, कारण हे खरंच आहे. पिंकटोच्या पिल्लाचे पाय फिके आणि पंजे काळे असतात, कात टाकत टाकत रंग उलटे होतात. पण मग या पिल्लाचे पंजे तरी काळे होते का? तेवढंही मी पाहिलं नाही. नोंदणीचा कागद म्हणून त्याने जो फोटो पाठवला, त्यात शास्त्रीय नावाचा रकाना नेमका कापलेला होता.

तिसऱ्या रात्री झुरळ टाकायला झाकण उघडलं. चिमट्यावरून कोपर, तिथून भिंत, तिथून कपाटामागे, आणि माझा हात अजून हवेतच. शेजारच्या खोलीत सहा वर्षांची मुलगी झोपली होती. दोन तासांनी तो कोपऱ्यात सापडला. डबा पुढे नेताच त्याने पुढचे पाय वर उचलले. खालून पिवळेधमक पट्टे! पिंकटोला असे पट्टे नसतात. हा पोसिलोथेरिया, फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडणारा, जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा. काही टॅरँट्युला बचावासाठी खाजरे केस उडवतात, तसे याच्याकडे नाहीत. तो पळतो, नाहीतर चावतो. चावल्यावर स्नायूंत येणारे गोळे कित्येकदा दिवसेंदिवस त्रास देतात.

२०१९पासून पोसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव कायद्यानुसार अशा प्राण्यांची नोंदणी लागते. कुठल्या रानातून उचलला ते माहीत नसल्याने सोडताही येईना. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करून कोळी त्यांच्या ताब्यात दिला. पैसे गेले त्याचं दुःख नाही; ढोलीतून ओढून काढलेल्या त्या जिवाचं आहे.

घ्यायच्या आधी पुढच्या पायांचा खालून काढलेला फोटो मागा आणि पूर्ण शास्त्रीय नाव लिहून घ्या. विक्रेत्याने मला ब्लॉक केलंय. परवा नवी मुंबईच्या एका मित्राने ‘पिंकटो पिल्लू’ची जाहिरात दाखवली. फोटोतला डबा तोच, कोपऱ्यात तडकलेला.