राइक्सम्युझियमचे खुले चित्रभांडार : दख्खनच्या अभ्यासासाठी कितपत उपयोगी?

सतराव्या शतकातील दख्खनी चित्रांचा अभ्यास सुरू केला की पहिल्या काही महिन्यांतच कळून चुकते की यांतली पुष्कळशी चित्रे आज लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क आणि अ‍ॅमस्टरडॅम येथे आहेत. ती पाहण्यासाठी तिकडे जाणे आपल्यापैकी बहुतेकांना एकदाही जमत नाही, आणि मग कुठल्यातरी पुस्तकात छापलेल्या, रंग उडालेल्या छायाचित्रावरून मते बनवावी लागतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपला संग्रह इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुला केला, त्यामुळे ही अडचण निदान एका संग्रहापुरती दूर झाली आहे. गेली काही वर्षे मी ही सेवा सातत्याने वापरते आहे. मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांच्या कलेवर काम करणाऱ्या मराठी अभ्यासकांना ती नेमकी कशी उपयोगी पडेल, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

ही सेवा ‘राइक्सस्टुडिओ’ या नावाने ऑक्टोबर 2012 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात सुमारे 1,25,000 कलाकृतींची छायाचित्रे होती. संग्रहालयाची मुख्य इमारत त्या वेळी दहा वर्षांच्या दुरुस्तीसाठी बंद होती. ती एप्रिल 2013 मध्ये पुन्हा उघडली. आज छायाचित्रांची संख्या अनेक लाखांवर गेली आहे. चित्रे खुली करण्यामागचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. सतराव्या शतकातील डच चित्रकार योहानेस व्हर्मेअरच्या ‘दूधवाली’ या चित्राच्या पिवळट पडलेल्या, निकृष्ट प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की संग्रहालयाच्या दुकानातील पोस्टकार्डावरचे खरे रंग पाहून लोकांना तेच खोटे वाटू लागले. वाईट प्रतींवर उपाय म्हणून चांगली प्रत सर्वांच्या हाती देण्याचे संग्रहालयाने ठरवले. ज्या कृतींवर आता कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही, त्यांच्या मोठ्या फायली कोणीही उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापराव्यात. त्यासाठी परवानगीचा अर्ज नाही आणि शुल्कही नाही.

दख्खनच्या अभ्यासकाने सर्वप्रथम उघडावा तो विट्सेन अल्बम. निकोलास विट्सेन हा अ‍ॅमस्टरडॅमचा नगरप्रमुख होता. 13 वेळा त्याची त्या पदावर निवड झाली आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारातही त्याचा हात होता. त्याच्या संग्रहातील या अल्बममध्ये हिंदुस्थानातील राज्यकर्त्यांची आणि सरदारांची 49 चित्रे आहेत. ती गोवळकोंड्यात 1686 च्या सुमारास युरोपीय गिऱ्हाइकासाठी तयार झाली. त्यानंतर वर्षभरातच औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला. मोगल बादशहा, कुतुबशाह आणि आदिलशाह यांच्या पंगतीत या अल्बममध्ये शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. चित्रकाराचे नाव माहीत नाही. महाराज 1677 मध्ये कुतुबशहाच्या भेटीसाठी भागानगरात, म्हणजे आजच्या हैदराबादेत, गेले होते, तेव्हा तेथील चित्रकारांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिले असण्याची शक्यता अभ्यासक विचारात घेतात. या शक्यतेला पुरावा म्हणता येत नाही, पण ती विचारात घेण्यासाठी चित्र डोळ्यांसमोर असावे लागते, आणि ते आता आहे.

पडद्यावर हे चित्र मोठे करून पाहिले तेव्हा छापील पुस्तकात कधी न दिसलेल्या गोष्टी मला पहिल्यांदा दिसल्या. चेहरा एकचश्मी, म्हणजे एका बाजूने काढलेला, आणि सगळी भिस्त रेषेवर आहे. दाढीचे केस एका सपाट काळ्या डागाने न भरता बारीक कलमाने ओढलेले आहेत. अल्बममधील दहा-बारा चित्रे शेजारी शेजारी उघडून ठेवली की लक्षात येते की कान, डोळ्याचा कोपरा, पागोट्याचे वळसे या गोष्टी अनेक चेहऱ्यांत एकाच सवयीने काढल्या आहेत आणि फरक मुख्यतः नाक, दाढी आणि पेहराव यांत आहे. म्हणून या अल्बममधले कोणतेही एक चित्र सुटे काढून त्याला ‘हुबेहूब’ म्हणण्याआधी उरलेली अठ्ठेचाळीस पाहावीत, असे माझे मत झाले आहे. संपूर्ण अल्बम एका जागी, एकाच दर्जाच्या छायाचित्रांत मिळाला नसता तर या मतापर्यंत मी पोहोचले नसते.

महाराष्ट्राला या प्रकारच्या पडताळणीची गरज किती होती, हे आपल्याच इतिहाससंशोधनातून दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र सर्रास छापले जात होते ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये डच साधनांच्या आधारे महाराजांचे खरे चित्र पुढे आणले तेव्हा ही चूक दूर झाली. तोवर शाळांच्या भिंतींवर आणि पुस्तकांत दुसऱ्याच माणसाचा चेहरा होता. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले, त्यावरचे नाव कोणी आणि कधी लिहिले, हा माग ठेवला नाही की अशी चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते.

याच कारणासाठी या सेवेतील चित्राइतकीच त्याच्याखालची नोंद मला मोलाची वाटते. प्रत्येक वस्तूला कायमचा क्रमांक आहे आणि त्याची अक्षरे समजून घेतली तर शोध सोपा होतो. ‘एस-के’ म्हणजे रंगचित्रे. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या प्रसिद्ध रंगचित्राचा क्रमांक एस-के-सी-5 आहे. ‘आर-पी’ म्हणजे छापचित्रे आणि रेखाचित्रे यांचा विभाग. त्यात पुढे ‘पी’ असेल तर छापचित्र आणि ‘टी’ असेल तर हाताने काढलेले चित्र. ‘ए-के’ म्हणजे आशियाई कला. विट्सेन अल्बम आर-पी-टी-00-3186 या क्रमांकाखाली आहे. लेखात किंवा प्रबंधात चित्राखाली केवळ ‘इंटरनेटवरून साभार’ असे लिहिण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ होत चालली आहे तिच्याऐवजी हा क्रमांक दिला तर वाचकाला थेट मूळ वस्तूपर्यंत जाता येते.

शोध घेताना थोडी तयारी मात्र हवी. जुन्या नोंदी डच भाषेत तयार झाल्या आणि सतराव्या शतकातील डच लेखक हिंदुस्थानी नावे कानाला ऐकू येतील तशी लिहीत, त्यामुळे ‘शिवाजी’ हे नाव ‘सेवगी’, ‘सिवाजी’ अशा रूपांत भेटते. राजाला डच भाषेत ‘फोर्स्ट’ म्हणतात आणि आजच्या भारतासाठी जुन्या नोंदींत ‘फोर-इंडिया’ असा शब्द सापडतो. एकच शोध इंग्रजीत आणि डचमध्ये दोन्ही प्रकारे करावा, आणि नोंदीचा डच मजकूर भाषांतराच्या साधनातून वाचून घ्यावा. तो कित्येकदा अधिक सविस्तर असतो. कलावंत, काळ, साहित्य आणि तंत्र यांनुसार चाळणी लावता येते. माझ्या कामात साहित्यानुसार लावलेली चाळणी सर्वांत उपयोगी पडली, कारण कागदावरची चित्रे एकत्र पाहता आली.

मोठ्या छायाचित्रातून किती कळू शकते याचा अंदाज घ्यायचा असेल तर ‘नाइट वॉच’ पाहावे. जानेवारी 2022 मध्ये संग्रहालयाने त्याची 717 अब्ज पिक्सेलची प्रतिमा खुली केली. ती 8,439 छायाचित्रे जोडून तयार झाली आहे आणि तिच्यातील दोन पिक्सेलमधले अंतर 5 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे. इतक्या जवळून रंगाचे कणच दिसू लागतात. त्या मानाने ‘दूधवाली’ची फाइल साधी आहे, पण तिच्यातही मागच्या पांढऱ्या भिंतीत ठोकलेला खिळा, जवळच रिकामे उरलेले खिळ्याचे भोक आणि पावावर ठिपक्या-ठिपक्यांनी पडलेला उजेड नीट पाहता येतो. आमच्या अभ्यासमंडळात मी हे चित्र प्रोजेक्टरवर दाखवले तेव्हा ते भोक दिसताच मागच्या बाकावरील एक आजोबा उठून पडद्याजवळ आले.

याच संग्रहात रेम्ब्रांटने मोगल चित्रे समोर ठेवून काढलेले शाहजहानचे रेखाचित्र आहे. 1656 ते 1661 या काळात त्याने अशी रेखाचित्रे आशियाई कागदावर काढली आणि त्यांतली वीसहून अधिक आज जगभरच्या संग्रहांत आहेत. हिंदुस्थानी कलम, म्हणजे चित्रशैली, डच चित्रकाराच्या हाती आल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न विट्सेन अल्बम आणि हे रेखाचित्र शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना समजावता येतो. वेंगुर्ल्याला 1637 पासून डचांची वखार होती, हे त्यांना आठवून दिले की अ‍ॅमस्टरडॅम एकदम जवळ येते.

पडद्याच्या मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. तळहाताएवढे चित्र आणि भिंतभर चित्र पडद्यावर सारख्याच आकाराचे दिसते, म्हणून नोंदीतील मापे वाचल्याशिवाय आकाराबद्दल काहीही लिहू नये. सोन्याचा वर्ख छायाचित्रात नुसता पिवळा दिसतो. चित्र हातात घेऊन तिरके केले की जी झळाळी येते ती येथे मिळणार नाही. कागदाची जात, त्याचा पोत, पाठीमागून उजेड धरल्यावर दिसणारे जलचिन्ह यांसाठी मूळ वस्तूच पाहिली पाहिजे. वस्तू कोणाची, कोणत्या काळातली याबद्दलचे संग्रहालयाचे मतही नव्या संशोधनाने बदलत असते, तेव्हा नोंद कोणत्या तारखेला पाहिली हे टिपून ठेवणे बरे.

तुलनेसाठी एक अनुभव सांगते. आपल्याच देशातील एका संस्थेकडे एका पोथीतील दोन चित्रांची छायाचित्रे मी मागितली होती. तीन अर्ज आणि दोन खेपा झाल्यावर जी फाइल मिळाली तिच्यावर आडवा शिक्का होता आणि चेहरे पुसट होते. तेथील माणसे मदत करायला तयार होती. तशी पद्धतच नव्हती, एवढेच. आपल्याकडे साहित्य कमी आहे असे मुळीच नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतिकाव्याची सचित्र पोथी आहे. ती 1565 च्या सुमाराची असून दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. राइक्सम्युझियममधली चित्रे पाहताना दर वेळी मला त्या पोथीची पाने तितक्याच मोठ्या आकारात पाहावीशी वाटतात. त्यांतील राणीच्या आकृती पुढे कोणीतरी खोडून टाकल्या आहेत, आणि त्या खोडलेल्या जागी खालच्या रेषा किती शिल्लक आहेत हे एका चांगल्या छायाचित्रात समजेल.