तहसीलसमोरचं निळ्या शटरचं सेवा केंद्र : पाचपैकी चार तारे

आमच्या तालुक्याला (जि. लातूर) तहसीलसमोर महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलचे) फॉर्म भरणाऱ्या दुकानांची रांगच आहे. त्यातल्या निळ्या शटरच्या केंद्रात पोरीचा फॉर्म भरला. तिला नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला. आपली कोरडवाहू चार एकर, सगळी भिस्त सोयाबीनवर. त्याचा भाव काय चाललाय ते सांगायची गरज नाही.

बाकीच्या दुकानांत कागद घेतात, टाईप करतात, पैसे घेतात, चला पुढचा. इथला पोरगा आधी विचारतो. "मामा, ॲडमिशन कॅप राउंडातून हाय का मॅनेजमेंट कोट्यातून?" कॅप म्हणजे सरकारी प्रवेश फेरी. तिचं अलॉटमेंट लेटर बघितलं तेव्हाच कीबोर्डला हात लावला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून गेलेल्यांनाच. आमच्यासारख्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना मात्र राजर्षी शाहू शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्क निम्मंच मिळतं.

पूर्ण माफ म्हटल्यावर मी उठायलाच लागलो होतो. त्यानं बसवलं आणि झेरॉक्सच्या पाठीमागं दुसरा हिशोब लिहून दिला : डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, पुस्तकं, येणं-जाणं. हे सगळं आपल्या खिशातून. मग त्यानंच पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा फॉर्म काढला, त्यासाठी अल्पभूधारकाचा दाखला आणायला लावला आणि बजावलं, "हे पैसे कधी येतेत त्याचा नेम नाही. मेसवाल्याला ह्याच्या भरवशावर शब्द देऊ नका."

खरं काम त्यानं केलं ते खात्याचं. पोरीची दोन खाती. एक शाळेत असताना काढलेलं, एक नवं. आम्ही नव्याचं पासबुक घेऊन गेलो, आणि आधार जोडलेलं निघालं जुनं! डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा आधार ज्या खात्याला जोडलंय तिथंच जातो, फॉर्मवर कुठलंही पासबुक लावा. जुनं तर वापराविना बंद पडलेलं. त्यानं फॉर्म थांबवला, आम्हाला बँकेत पिटाळलं, आधार नव्या खात्याला जोडल्याची खात्री केली, मगच सबमिट दाबलं. गावातल्या कितीतरी पोरांचे पैसे असेच लटकलेत.

शैक्षणिक कर्जाचंही विचारलं. विद्यालक्ष्मी पोर्टल उघडून दाखवलं त्यानं. चार लाखांपर्यंत जमीन गहाण टाकावी लागत नाही, बापाची सही लागते. कोर्स चालू असताना हप्ता नसतो, व्याज मात्र साचत राहतं. "होस्टेलपुरतं घ्या, मोटारसायकलपुरतं नको," म्हणाला. पोरगं वयानं लहान आहे, पण बोलतं मोजकं.

फॉर्मचे दीडशे घेतले, स्कॅनिंगचे वेगळे. भावफलक लावलेला नाही, हे मला पटत नाही. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात जाऊ नका. सर्व्हर झोपतो आणि दुकानात उभं राहायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच न्या. दरवर्षी रिन्युअल करावं लागतं, तेव्हा लॉगिनचा पासवर्ड घरी वहीत लिहून ठेवा, दुकानदाराच्या मोबाईलवर सोडू नका.

एक तारा कापला तो पावतीसाठी. मागितली की "व्हॉट्सॲपला टाकतो मामा" म्हणतो. अजून टाकतोयच.