विद्यापीठात आधुनिक ग्रीक: जवळजवळ वर्षभराच्या अभ्यासानंतर

ग्रीसमधील एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या आधुनिक ग्रीकच्या वार्षिक अभ्यासक्रमाचे माझे दुसरे सत्र आता संपत आले आहे. भाषेचे शिक्षण म्हणून हा अभ्यासक्रम पुरेपूर समाधान देतो. मात्र केवळ त्याच्या बळावर नोकरी मिळेल, असे गृहीत धरून कोणी येऊ नये.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना अल्फा, बीटा, थीटा ओळखीचे असतात आणि नेमकी तीच ओळख सुरुवातीला फसवते. आजच्या ग्रीकमध्ये बीटाला ‘वीता’ म्हणतात व त्याचा उच्चार ‘व’ असा होतो. ‘ब’ लिहायचा झाला तर ‘मी’ आणि ‘पी’ ही दोन अक्षरे शेजारी ठेवावी लागतात, त्यामुळे रस्त्यावरची ‘बार’ची पाटी नवख्याला ‘म्पार’ अशी दिसते. तरीही वाचन लवकर जमते. शुद्धलेखन मात्र छळते, कारण ‘ई’ हा एकच स्वर योता, ईता, इप्सिलोन आणि काही जोडस्वरांनीही लिहिला जातो. ऱ्हस्व-दीर्घाला वैतागलेल्या मराठी माणसाने येथे फार सहानुभूतीची अपेक्षा करू नये.

मराठी भाषकाच्या पदरी काही सवलतीही पडतात. तीन लिंगे आपल्याला नवी नाहीत आणि ग्रीक ‘त’ दंत्यच असल्यामुळे तो सहज साधतो. इंग्रजी भाषक सहाध्यायी या दोन्ही ठिकाणी अडखळतात. थीटा मात्र आपला ‘थ’ नव्हे, त्यासाठी जिभेचे टोक दातांमध्ये धरून हवा सोडावी लागते. खरी कसोटी क्रियापदांची आहे. ‘उद्या पत्र लिहीन’ आणि ‘यापुढे रोज पत्र लिहीन’ या दोन्ही वाक्यांत मराठीचे ‘लिहीन’ चालून जाते; ग्रीकमध्ये पहिल्यासाठी ‘था घ्राप्सो’ आणि दुसऱ्यासाठी ‘था घ्राफो’ अशी वेगळी रूपे लागतात. कृती एकदाच पुरी होणार की चालू राहणार, हे बोलण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि ही सवय अंगवळणी पडायला पाठ्यपुस्तकापेक्षा भाजीबाजारातील संभाषणाचा उपयोग अधिक होतो. अर्थात आपला उच्चार ऐकताच समोरचा इंग्रजीवर आला नाही, तर.

इतिहासाच्या संशोधनासाठी येणाऱ्यांना एक गोष्ट आधी ठाऊक असावी. बोलीवर आधारलेली ‘दिमोतिकी’ १९७६ मध्ये शिक्षणाची आणि कारभाराची भाषा झाली, तर अक्षरांवर अनेक आघातचिन्हे देण्याची जुनी लेखनपद्धती १९८२ मध्ये शासकीय वापरातून गेली. त्यापूर्वीचे कायदे आणि सरकारी कागदपत्रे बहुतांशी ‘कथारेव्हुसा’ या ग्रांथिक भाषेत आहेत, जी आमच्या वर्गात जवळजवळ शिकवली जात नाही. मोडी न शिकता पेशवे दप्तरात बसण्यासारखाच तो प्रकार आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील यवन (म्हणजे ग्रीक मानल्या जाणाऱ्या) दात्यांचे लेख आता वाचता येतील का, असे मला गावाकडून हमखास विचारले जाते, पण ते लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत.

पुढे काय, याचे उत्तर आपण सोबत कोणते शिक्षण घेऊन आलो त्यावर अवलंबून आहे. ग्रीस १९८१ मध्ये युरोपीय समुदायात आला; आज ग्रीक ही युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी एक असून सायप्रसमध्येही ती राजभाषा आहे. मात्र संघाच्या संस्थांतील अनुवादक प्रामुख्याने स्वतःच्या मातृभाषेत अनुवाद करतात आणि तेथील कायम नोकरीसाठी साधारणपणे सदस्य देशाचे नागरिकत्व लागते, त्यामुळे भारतीय पदवीधराने त्या वाटेची फार आशा धरू नये. नौवहनाची वाट मला अधिक खरी वाटते. ग्रीक जहाजमालकांचा ताफा जगातील सर्वांत मोठ्या ताफ्यांत मोडतो आणि त्यांच्या अनेक जहाजांवर भारतीय अधिकारी व खलाशी काम करतात. जहाजावरचे काम इंग्रजीत चालत असले, तरी अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातील कचेऱ्यांत आपसातील बोलणे ग्रीकमध्येच होते. म्हणून मर्चंट नेव्ही, सागरी विमा किंवा सागरी कायदा यांची पार्श्वभूमी असलेल्याला ही भाषा नक्कीच उपयोगी पडेल.

अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राखेरीज थेसालोनिकीच्या ग्रीक भाषा केंद्राची ‘एलिनोमाथिया’ परीक्षाही द्यावी, असे मी सुचवीन, कारण तिच्या ए-१ (प्राथमिक) ते सी-२ (सर्वोच्च) या पातळ्या विद्यापीठाबाहेरही ओळखल्या जातात. ही परीक्षा मे महिन्यात होते. मी बी-१ साठी नाव नोंदवले आहे.