ट्रायपॉड चांगला, पायाचं रबर भिकार : किनाऱ्यावरच्या काही महिन्यांनंतर

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड: चार टप्प्यांचे ॲल्युमिनियमचे पाय, फिरवून आवळायचे ट्विस्ट लॉक, वर कॅमेरा हवा तसा वळवणारं बॉल हेड. बाकीचा तपशील सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट रबराकडे वळतो.

पायाच्या टोकाचं रबर नळीत नुसतं दाबून बसवलंय. आटे नाहीत, स्क्रू नाही, आत गोंदाचा पुसट थर तेवढा. लाट परतताना पायाखालची ओली वाळू सैल होते, पाय दोन-तीन बोटं खाली जातो आणि वाळू पुन्हा आवळते. तो सरळ वर उपटला की खाली पोकळी तयार होते आणि तिच्या ओढीने रबर खालीच राहतं. नळी हातात, रबर पुळणीत! सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असं की सुटं रबर मिळत नाही, अख्खा पाय विकत घ्या. बोटभर रबरासाठी पायाचे पैसे मागणं ही सरळ लूट आहे. शिवाय रबर गेलं की उघड्या नळीत वाळू भरते आणि आतून लॉकपर्यंत चढते.

उपाय स्वस्त आहे. पाय काढताना आधी जागेवरच हलकेच डोलवायचा, कडेने पाणी आत शिरलं की तिरका ओढायचा. शाबूत रबरं काढून नळीचं तोंड आतून स्पिरिटने पुसायचं, दोन्ही बाजूंना काँटॅक्ट ॲडेसिव्हचा पातळ थर द्यायचा, तो चिकटसर होईपर्यंत थांबून मगच दाबायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. हरवलेल्याच्या जागी खुर्चीच्या पायाचं रबरी बूच चालतं. नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून किंचित घट्ट घ्यावं.

लॉकबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला प्रत्येक वळणाला करकर ऐकू यायची, तेव्हा क्लिपचे लॉक बरे वाटायचे. आता नाही. ट्विस्ट लॉक अवजाराशिवाय पूर्ण उघडतो, आणि समुद्रावर तेच महत्त्वाचं. नट काढा, नळी खाली ओढून बाहेर घ्या, नळ्यांमधल्या फटीत बसणाऱ्या शिमच्या दोन अर्ध्या पट्ट्या कुठल्या खाचेत बसतात त्याचा फोटो घेऊन ठेवा. उलट्या बसल्या तर लॉक धरत नाही. सगळं गोड्या पाण्यात खळखळून पूर्ण वाळवा. ग्रीस फक्त आट्यांना, तेही बोटाला जेमतेम लागेल एवढं. शिमला लागलं तर पाय भाराने घसरतो.

हे घरी परतल्यावर त्याच दिवशी करावं. हवेत आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, त्यामुळे किनाऱ्यावर 'वाळलेला' सांधा आतून ओलाच असतो. स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये हे खारं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसली तर तेच समजावं. बॉल हेड नळाखाली धरू नका, आतलं ग्रीस जातं. ओल्या फडक्याने पुसणं पुरे.

पुळणीवर सगळ्यात खालचा, बारीक टप्पा आधी पूर्ण उघडावा, म्हणजे त्याचा लॉक वाळूपासून हातभर वर राहतो. थोडा लवचीकपणा येतो, पण मधला दांडा खालीच ठेवला तर चालतं. परतत्या लाटेच्या रेघांसाठी सहा स्टॉपच्या एनडी फिल्टरने (लेन्सवरची गडद काच, प्रकाश सहा वेळा निम्मा करणारी) 1/60 सेकंदाचं एक्सपोजर सुमारे 1 सेकंद होतं, तेवढ्याला हे पाय पुरेसे स्थिर आहेत. फक्त पाय आधीच दाबून रुतवावेत आणि मोठ्या लाटेनंतर क्षितिज पुन्हा तपासावं. मधल्या दांड्याच्या हुकला वजनासाठी बॅग लटकवली तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर वाऱ्यात ती झुलते आणि फोटो हलतो.

पाचपैकी तीन तारे. दोन त्या रबरापायी कापले. दुसरा कुठलाही ट्रायपॉड घेताना दुकानातच पायाचं टोक फिरवून बघा. आट्यांवर निघत असेल तर बदली रबर सुटं मिळतं, आणि शेवाळलेल्या खडकांसाठी धातूची टोकंही त्याच आट्यांवर बसवता येतात.