घरी बाई पाठवली होती ना, मग फसवणूक कशी?

नोंदणी २,५०० रुपये. अनामत १५,०००. पहिल्या महिन्याचे आगाऊ २७,०००. आणि वर ‘सीनियर सिस्टर’साठी फरक म्हणून ७,०००. एकूण ५१,५०० रुपये एका पेशंट केअर ब्युरोने माझ्याकडून घेतले आणि त्या बदल्यात पाठवलेली बाई आठवडा भरायच्या आत निघून गेली. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, दिव्यांग भावंड असेल, सतत कुणीतरी जवळ लागणारं मूल असेल आणि तुम्ही ब्युरोकडे बाई शोधत असाल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

पैसे घ्यायचे आणि फोन बंद करायचा, ही फसवणूक आता सगळ्यांना माहीत आहे. तेवढी सावधगिरी मीही बाळगली होती. पण माझ्या बाबतीत फोन चालू होता. माणूस गोड बोलत होता. बाई ठरलेल्या वेळी पिशवी घेऊन दारात आली. आणि खरी मेख इथेच आहे. ती बाई आली म्हणूनच आज मला प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न ऐकावा लागतो: ‘सेवा तर दिली होती ना?’

आईला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. हॉस्पिटलने डिस्चार्जची तारीख सांगितली आणि हातात कागद दिला: दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून फीड द्यायचं, पाठीला लाली दिसली तर कळवायचं, तोंड साफ ठेवायचं. हे सगळं कोण करणार, याबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती. माझी रजा संपत आली होती आणि रात्रीची झोप केव्हाच गेली होती. जे या परिस्थितीतून गेलेत त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांनी मला नंतर ‘नीट चौकशी करायची ना’ म्हणून ऐकवलं, त्यांच्यापैकी एकही जण एका रात्रीसाठी आईजवळ बसायला आला नव्हता.

आणि चौकशी मी केली होती. ब्युरोने मला तीन कागद पाठवले. पहिला गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद. दुसरा, बाईच्या पोलिस पडताळणीचा शिक्का असलेला. तिसरा, नर्सिंगचं प्रमाणपत्र. तिन्ही कागद खरेच होते, बनावट एकही नव्हता, आणि तरीही एकाचाही उपयोग नव्हता. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही म्हणून आज मी सांगते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर मोजकीच माणसं कामाला असलेल्या दुकानाला परवाना लागत नाही, मालकाने ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते. धंदा कसा चालतो हे पाहायला कुणीही येत नाही. पोलिसांचा शिक्का होता तो पडताळणीच्या अर्जावर, अर्ज मिळाल्याचा. अहवाल वेगळा असतो, तो मागा. आणि प्रमाणपत्र होतं भलत्याच बाईचं, आमच्याकडे आलेल्या बाईचं नव्हे. नर्सिंगचे एएनएम आणि जीएनएम हे दोन अभ्यासक्रम, एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि दोन्हींची नोंदणी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे असते. समोर उभ्या असलेल्या बाईचं नाव आणि नोंदणी क्रमांक हे दोन्ही जुळत नसतील तर ती सिस्टर नाही, मग गणवेश कितीही पांढरा असो.

पैसे यूपीआयने गेले. स्क्रीनवर नाव आलं ते ब्युरोचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारलं तर उत्तर तयार: ‘मॅडम, करंट अकाउंटचं काम चालू आहे, हे मालकांचं पर्सनल आहे.’ किती छोटे धंदे असेच चालतात! भाजीवाल्यापासून क्लासवाल्यापर्यंत सगळे स्वतःच्या नावावरच पैसे घेतात. यात कुणाला काय वावगं दिसणार?

ज्या क्षणाचा आजही संताप येतो तो वेगळा आहे. बाई आल्यावर दुपारच्या फीडची वेळ झाली. मी बाजूला उभी होते. तिने पलंगाचा डोक्याकडचा भाग वर केलाच नाही. आई सपाट झोपलेली, आणि ही सिरिंज नळीला लावून दट्ट्या जोरात दाबायला लागली. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने मला हे पुन्हापुन्हा बजावलं होतं: डोकं आणि छाती निदान ३० ते ४५ अंश वर हवी, फीड आपोआप उतरू द्यायचं, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. आईला ठसका लागला. मी सिरिंज हातातून ओढून घेतली आणि विचारलं, ‘तुम्ही आधी कुठल्या हॉस्पिटलात होता?’ ती घाबरली. म्हणाली, ‘ताई, मला तर आजींजवळ बसायचं आणि वरचा स्वयंपाक करायचा एवढंच सांगितलंय. नळीचं मी कधी केलं नाही.’

मी लगेच ब्युरोला फोन लावला. त्या माणसाने आवाज चढवला नाही, माफी मागितली. ‘मॅडम, आमच्या मुलीकडून चूक झाली, चुकीची बाई पाठवली. उद्या सीनियर सिस्टर देतो. फक्त रेट वेगळा आहे, फरकाचे ७,००० टाका, आज टाकलेत तर उद्या सकाळी हजर.’ तिथे सगळं उघडं पडलं होतं. ज्यांनी शिकलेली सिस्टर म्हणून पैसे घेतले, त्यांनीच ती नव्हती म्हणून आणखी पैसे मागितले. पण समोर आई धापा टाकत होती, संध्याकाळचं फीड माझ्या एकटीवर होतं आणि समोरून उद्या सकाळी सिस्टर देतो असा शब्द मिळत होता. अशा वेळी कुणीही पैसे टाकेल. त्यांनी ती वेळ हेरूनच मागितले. त्यांचा धंदाच या वेळेवर चालतो.

सीनियर सिस्टर आली नाही. पहिली बाई काही दिवस राहिली, तिला नळीचं काम मी करू दिलं नाही, आणि मग एका सकाळी ‘गावी माणूस वारलं’ म्हणून गेली. बदली उद्या येईल, परवा येईल, गाडीत बसली आहे, पाऊस आहे. अनामत परत मागितली तेव्हा पावतीचा फोटो नीट बघा म्हणाले. बघितला. तोंडी ‘अनामत, परत मिळणार’ म्हणून घेतलेल्या १५,००० पुढे लिहिलं होतं ‘ॲडव्हान्स सर्व्हिस चार्जेस’. खाली बारीक अक्षरात: काम सुरू झाल्यानंतर रक्कम परत मिळणार नाही. पावती पैसे गेल्यानंतर आली होती. मसुदा आधी मागा आणि ‘अनामत’, ‘परत’, ‘किती दिवसांत’ हे शब्द त्यात दिसल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

त्या बाईचा नंबर माझ्याकडे होता. तिने फोन उचलला. गावी कुणी वारलं नव्हतं. ब्युरोनेच तिला दुसऱ्या घरी हलवलं होतं. २७,००० पैकी तिला १२,००० कबूल केले होते, त्यातलं काही मिळालं नव्हतं, आणि तिचं मूळ आधार कार्ड ब्युरोने ठेवून घेतलं होतं, म्हणून तिला सोडूनही जाता येत नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही. तिच्याकडूनच मला दुसऱ्या घराचा पत्ता लागला. तिथे सेरेब्रल पाल्सी असलेला लहान मुलगा आहे, त्याच्या आईवडिलांना ‘स्पेशल ट्रेनिंग घेतलेली अटेंडंट’ म्हणून ३८,००० ला बुडवलं. बाई तीच! मुलाला धरून बसवायचं कसं हेही तिला कुणी दाखवलं नव्हतं. दारात आलेल्या बाईला पहिल्या दिवशी हा एक प्रश्न विचारा: तुमचं मूळ आधार कार्ड कुठे आहे? ब्युरोकडे आहे म्हणाली, तर त्या ब्युरोशी व्यवहार करू नका.

आता पोलिसांचं. ठाण्यात गेले, अर्ज दिला. अंमलदारांनी वाचला आणि म्हणाले, ‘बाई पाठवली होती ना? मग फसवणूक कशी? हे सिव्हिल मॅटर आहे.’ मी म्हटलं, सिस्टर सांगून पैसे घेतले, स्वयंपाकाला सांगून आणलेली बाई पाठवली, आई थोडक्यात वाचली. त्यावर, ‘वाचल्या ना, मग?’ हे उत्तर मी आयुष्यात विसरणार नाही. एफआयआर नाही, अर्जावर गोल शिक्का मारून परत. महापालिकेच्या आरोग्य खात्यात गेले तर तिथे सांगितलं, आमच्याकडे नर्सिंग होमची नोंद असते, घरी माणूस पाठवणारा आमच्यात येत नाही. दुकानांच्या नोंदणीच्या कचेरीत गेले तर म्हणे, आम्ही फक्त सूचना घेतो. एका हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, पैसे तुम्हीच स्वतःच्या हाताने पाठवलेत का? हो म्हटल्यावर, मग हे आमच्याकडे बसत नाही. म्हणजे गल्लीतल्या वडापावच्या गाडीला परवाना लागतो, आणि जो माणूस तुमच्या आजारी आईच्या, न बोलू शकणाऱ्या मुलाच्या खोलीत चोवीस तासांसाठी अनोळखी व्यक्ती पाठवतो, तो कुणाच्याच अखत्यारीत येत नाही! एवढे अधिकारी, एवढ्या कचेऱ्या, आणि प्रत्येकाचं बोट पुढच्या टेबलाकडे. आईला एकटी सोडून हे हेलपाटे घालायचे, त्यासाठी शेजारणीला गळ घालायची, आणि तिथे जाऊन ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकायचं. वृद्धांसाठी २००७ चा कायदा आहे, पण तो मुलांनी आईवडिलांना सांभाळावं यासाठी. सांभाळू बघणाऱ्याला कुणी लुबाडलं तर तो कुठे उपयोगी पडतो?

जे कळलं ते लिहिते. बाई आलीच नाही आणि पैसे नुकतेच गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, खातं गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलिस अधीक्षकांकडे (शहरात पोलिस उपायुक्तांकडे) पाठवा आणि पोच जपा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, अर्जात ते लिहा, आणि अर्जाची सुरुवात ‘बाई निघून गेली’ने करू नका. ‘प्रशिक्षित नर्स असल्याचं खोटं सांगून पैसे घेतले’ हे पहिलं वाक्य ठेवा. माझ्या अर्जात ते तिसऱ्या परिच्छेदात होतं आणि तिथवर कुणी वाचलंच नाही. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करा किंवा प्रत्येक फोननंतर ‘आत्ता आपलं असं ठरलं’ हा मेसेज टाका.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार मी केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली तरी ती खटल्याची जागा घेत नाही, हे लक्षात असू द्या. ब्युरोला नोटीस गेली आहे. तारीख पडली आहे.

त्या मुलाच्या आईवडिलांनी स्वतंत्र तक्रार केली आहे, माझ्या तक्रारीला नुसतं नाव जोडलेलं नाही. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर तुम्हीही तेच करा, रक्कम कितीही लहान असो. एकीचा वाद सिव्हिल म्हणून ढकलता येतो. त्याच खात्यात, त्याच पद्धतीने, ‘सिस्टर’ म्हणूनच पैसे गेल्याचे वेगवेगळ्या घरांचे अर्ज एकाच ठाण्यात पडले की फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे कागदावर दिसतं, आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात सिद्ध करायचं असतं ते हेच. यूपीआयच्या स्क्रीनचा फोटो, पावती आणि बाईचं नाव हे तिन्ही अर्जाला जोडा.