प्रॉक्समॉक्सवर स्वतःचे बदल टिकवताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत माझं ठरलेलं होतं. प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हीएम (आभासी संगणक) चालवणारी प्रणाली, असलेला माझा सर्व्हर अपडेट करायचा, मग वही उघडायची आणि पुसले गेलेले बदल एकेक करून पुन्हा घालायचे. वेब पानावर प्रोसेसरचं तापमान दिसावं म्हणून दोन फाइलींत घातलेल्या ओळी, पासथ्रूसाठी (हार्डवेअर थेट व्हीएमला देण्यासाठी) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिलेले पॅरामीटर, नेटवर्क कार्डाचं पक्कं नाव, एका सेवेच्या सुरू होण्याच्या क्रमात केलेला फेरफार. एकदा वहीतली एक ओळ नजरेतून सुटली आणि ग्राफिक्स कार्ड वापरणारं व्हीएम दोन दिवस बंद राहिलं. तेव्हा ठरवलं, हे नीट बसवायचं. मधल्या काळात आवृत्ती ८ वरून ९ वर मोठी उडीही झाली, त्यामुळे पद्धतीची खरी परीक्षा झाली आहे.

प्रॉक्समॉक्स डेबियन या लिनक्सवर उभं आहे. ८ म्हणजे डेबियन १२ आणि ९ म्हणजे डेबियन १३. त्यामुळे काय पुसलं जाणार हे डीपीकेजीच्या, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या, नियमांवर ठरतं. ईटीसीमधली (कॉन्फिगच्या फोल्डरातली) जी फाइल पॅकेजने कॉन्फिग म्हणून नोंदवली आहे, ती तुम्हीही बदललीत आणि नव्या पॅकेजनेही बदलली, तर तुम्हाला विचारलं जातं. यूएसआरमधल्या (प्रोग्रामच्या फोल्डरातल्या) फाइलींवर मात्र न विचारता नवी प्रत बसते. माझ्या तापमानाच्या ओळी यूएसआरमध्येच होत्या. त्या जाण्यात अपडेटचा काही दोष नव्हता, त्या मीच परक्या फाइलीत घातल्या होत्या.

म्हणून पहिलं काम केलं ते स्थलांतराचं: जो बदल पॅकेजच्या मालकीच्या फाइलीतून बाहेर काढता येतो, तो काढायचा. सेवेतला फेरफार सिस्टमसीटीएल एडिट या कमांडने वेगळ्या ओव्हरराइड फाइलीत गेला, कर्नल मॉड्यूलचे पर्याय मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात माझ्या नावाच्या फाइलीत गेले. कर्नल पॅरामीटरचं थोडं सांभाळून. माझं मशीन झेडएफएस या फाइल सिस्टमवर आहे आणि ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट या बूटलोडरने सुरू होतं. तिथे ग्रबची फाइल कितीही बदला, काही फरक पडत नाही. ओळ ईटीसीमधल्या कर्नल फोल्डरातल्या सीएमडीलाइन फाइलीत लिहायची आणि प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश चालवायचं. या तीन गोष्टी आठ महिन्यांत एकदाही हलल्या नाहीत, त्यामुळे त्यांवर जास्त लिहीत नाही.

नेटवर्क कार्डाबद्दल मात्र सांगायलाच हवं. नवा कर्नल आला की कार्डाचं नाव बदलू शकतं आणि मग ब्रिजला (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचला) पोर्टच सापडत नाही. उपाय म्हणजे मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकावरून) नाव देणारी डॉट लिंक फाइल. त्यात 'टाइप' ईथर आहे ही अट घालायला विसरू नका, कारण ब्रिज आपल्या पोर्टचाच मॅक पत्ता घेतो आणि नियम दोघांना लागू होण्याची शक्यता असते. नंतर इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी प्रणाली) अपडेट करा. आवृत्ती ९ मध्ये यासाठी पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग नावाचं साधन आलं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच वापरावं.

उरल्या त्या तापमानाच्या दोन फाइली. एक पर्ल भाषेतली नोड्स डॉट पीएम, दुसरी वेब पानाची मोठी जावास्क्रिप्ट फाइल. या बाहेर काढता येत नाहीत. इथे मी आधी डीपीकेजी-डायव्हर्ट वापरलं. ते फार सुरेख वाटलं होतं: पॅकेजची नवी फाइल 'डिस्ट्रिब' शेपटीच्या नावाने बाजूला जाते आणि तुमची फाइल जागेवर तशीच राहते. दोन महिने काही तक्रार नाही. मग एका अपडेटनंतर वेब पान उघडेना. ते पान जिथे मिळतं त्या ८००६ पोर्टवर कुणीच नाही. व्हीएम सगळे चालू होते, कारण त्यांच्या प्रक्रिया वेगळ्या असतात. एवढाच त्या रात्रीचा दिलासा. एसएसएचने (दूरच्या कमांड-लाइनने) आत जाऊन जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, पाहिली तर पर्ल सांगत होतं की मागितलेलं फंक्शन त्या मॉड्यूलमध्ये नाही. आजूबाजूची सगळी फाइल-मंडळी नव्या आवृत्तीची आणि माझी नोड्स डॉट पीएम दोन महिने जुनी. डायव्हर्टने सांगितलेलं काम चोख केलं होतं. त्याने माझ्या सहा ओळी टिकवल्या, पण त्यांच्यासोबत त्या फाइलीतल्या बाकीच्या शेकडो जुन्या ओळीही गोठवून ठेवल्या.

तेव्हापासून कोडच्या फाइलींना मी डायव्हर्ट लावत नाही. कॉन्फिग फाइलींना तर डेबियनचं धोरणच डायव्हर्ट लावू नका म्हणतं. जी फाइल स्वतंत्र आहे, म्हणजे लोगोचं चित्र वगैरे, तिच्यासाठी ते आजही उत्तम आहे.

आता त्या दोन फाइलींसाठी पॅच, म्हणजे फक्त माझ्या बदललेल्या ओळींच्या फाइली, ठेवले आहेत, गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात. ते लावायला सुरुवातीला एपीटीचा (डीपीकेजीला चालवणाऱ्या अपडेट साधनाचा) पोस्ट-इनव्होक हुक, म्हणजे आपोआप धावणारी कमांड, होता. तो एकाच अपडेटमध्ये अनेकदा धावतो, कारण डीपीकेजीच्या प्रत्येक फेरीनंतर त्याची पाळी येते. आणि कुणी थेट डीपीकेजीने पॅकेज बसवलं तर अजिबात धावत नाही. चौथ्या महिन्यात मी स्वतःचं एक चिमुकलं डेब (डेबियनचं) पॅकेज बांधलं. त्यात त्या दोन फाइलींच्या वाटांवर ट्रिगर नोंदवला आहे. एपीटीने असो वा थेट डीपीकेजीने, पॅकेज बसवताना त्या फाइली बदलल्या की माझ्या पॅकेजची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट चालते.

स्क्रिप्टमधल्या दोन गोष्टी मला किमती वाटतात. पॅच लावताना फझ (जुळणीत किती ढिलाई चालेल तो आकडा) शून्य ठेवलं आहे. मुळात ते दोन असतं, म्हणजे आजूबाजूच्या ओळी थोड्या बदललेल्या असल्या तरी पॅच जुळवून घेतो आणि क्वचित भलत्याच जागी बसतो. मला ते नको आहे. जराही जुळलं नाही तर त्याने थांबावं. दुसरं म्हणजे पॅच आधी तात्पुरत्या प्रतीवर लागतो, पर्लच्या फाइलीची तपासणी पर्ल -सी ने होते, आणि सगळं पार पडलं तरच प्रत जागेवर जाते व वेब पानामागच्या पीव्हीईडेमन आणि पीव्हीईप्रॉक्सी या सेवा पुन्हा सुरू होतात. नाहीतर पॅकेजची मूळ फाइल तशीच राहते आणि मला मेल येतो.

सोबत ईटीसीकीपर आहे. प्रत्येक एपीटीच्या आधी आणि नंतर ईटीसीची नोंद होते, त्यामुळे 'ही ओळ कधी बदलली' याला उत्तर मिळतं. पण या नोंदीत पासवर्डचे हॅश आणि खाजगी कळा असतात. ती बाहेरच्या गिट सर्व्हरवर कधीच पाठवू नका. आणि ईटीसीतला पीव्हीई फोल्डर ही साधी डिस्क नव्हे. तो एका एसक्यूलाइट डेटाबेसमधून दाखवला जातो, म्हणून त्या कॉन्फिग डॉट डीबी फाइलीचा बॅकअप मी वेगळा घेते.

८ वरून ९ वर जाताना प्रॉक्समॉक्सची पीव्हीई८टू९ तपासणी चालवली, पण हाताने बदललेल्या फाइली शोधण्यासाठी डीपीकेजी -व्ही वापरलं. ओळीच्या सुरुवातीला प्रश्नचिन्हांमध्ये ५ दिसला की त्या फाइलीचा चेकसम बदललेला आहे. त्यात मी साफ विसरलेला एक बदल सापडला, वर्षभरापूर्वीचा. मग माझं पॅकेज काढलं, त्या दोन फाइली ज्यात येतात ते पीव्हीई-मॅनेजर पॅकेज पुन्हा बसवून मूळ फाइली आणल्या आणि मगच उडी मारली. वाटेत कॉन्फिगबद्दल तीन प्रश्न आले. प्रत्येक वेळी आधी डी दाबून फरक वाचला. एलव्हीएमची (डिस्क विभागणीची) फाइल पॅकेजची घेतली, एसएसएचची माझी ठेवली.

नव्या आवृत्तीवर पॅकेज परत बसवलं तेव्हा जावास्क्रिप्टचा पॅच लागला नाही. मेल आला, वेब पान नेहमीसारखं उघडलं, फक्त तापमानाची जागा रिकामी होती. रविवारी सकाळी निवांत बसून नवी फाइल वाचली, पॅचचा तिसरा तुकडा अकरा ओळी खाली सरकवला आणि पॅकेजचा आकडा एकाने वाढवला.